तटस्थ कोणी राहायचं, सरकारने की नागरिकाने? (युरोपातले मुसलमान आणि नागरिकत्व)

ऋजुता_स्त्रासबुर्ग

स्त्रासबुर्गच्या बिशपची नेमणूक आजही फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष करतात. इथल्या पाद्र्यांचा आणि रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) पगार सरकारी तिजोरीतून होतो. सरकारी शाळेत कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू धर्मशिक्षणाचा तास असतो. नको असेल तर पालकांनी तसं लिहून द्यायचं. पॅरिसमधल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही, कारण फ्रान्समध्ये धर्म आणि सरकार यांची कडेकोट फारकत आहे असंच सगळे शिकलेले असतात.

फारकतीचा कायदा ९ डिसेंबर १९०५ चा. तेव्हा आमचं अल्सास आणि शेजारचं मोझेल हा भाग जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तो परत आला, पण इथल्या लोकांना नेपोलियनच्या १८०१ च्या कराराची जुनी व्यवस्था सोडायची नव्हती, आणि ती टिकली. २०१३ मध्ये घटना परिषदेनेही ती घटनेत बसते असा निकाल दिला. या व्यवस्थेत मान्यता असलेले पंथ चार: कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट आणि ज्यू. इस्लाम नाही. पूर्वी इथे मुसलमान नव्हते म्हणून यादीत नाव नव्हतं, हे समजण्यासारखं आहे. आता पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, तरी यादी तीच आहे.

मला या धाग्यात एकच गोष्ट मांडायची आहे. १९०५ च्या कायद्याने तटस्थतेचं बंधन सरकारवर घातलं. कलम १ सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतं. कलम २ म्हणतं की सरकार कुठल्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही. नागरिकाने काय घालून हिंडावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्या वेळच्या चर्चेत एका खासदाराने पाद्र्यांना रस्त्यात झगा घालायला बंदी करावी अशी दुरुस्ती सुचवली होती. कायद्याचे शिल्पकार आरिस्तिद ब्रियां यांनी ती फेटाळून लावली. एवढा चर्चविरोधी काळ असूनही! गेल्या साडेतीन दशकांत मात्र हे बंधन सरकारच्या खांद्यावरून उतरून नागरिकाच्या खांद्यावर आलं आहे, आणि त्याचा जवळजवळ सगळा भार मुसलमान बायका-मुलींनी वाहिला आहे.

१९८९ मध्ये पॅरिसजवळच्या क्रेई गावात तीन मुलींना डोक्यावरच्या रुमालावरून शाळेबाहेर काढलं, तेव्हा सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सल्ला दिला की नुसता रुमाल बांधणं तटस्थतेच्या विरोधात नाही; दबाव, चिथावणी किंवा शिकवण्यात अडथळा होत असेल तर गोष्ट वेगळी. हा सल्ला मला आजही शहाणपणाचा वाटतो. पंधरा वर्षांनी, १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं बंद झाली. २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आली. २०१६ च्या उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या काही महापौरांनी अंगभर पोहण्याचा पोशाख बंद केला. तो हुकूम त्याच न्यायालयाने २६ ऑगस्टला स्थगित केला. २०२३ मध्ये शाळेत अबाया (अंगभर पायघोळ झगा) बंद. दर वेळी वाद नागरिकाच्या अंगावरच्या कापडाचा होता, सरकारच्या वागण्याचा एकदाही नव्हता.

लतीफा इब्न झियातेन यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यांचा मुलगा इमाद फ्रेंच सैन्यात छत्रीधारी सैनिक होता. ११ मार्च २०१२ ला तुलूझमध्ये मोहम्मद मेरा या अतिरेक्याने त्याला गोळी घातली. त्याच माणसाने आठ दिवसांनी ज्यू शाळेत लहान मुलं मारली. लतीफाबाईंनी तेव्हापासून शाळाशाळांतून, तुरुंगांतून मुलांशी बोलायचं काम हाती घेतलं. त्या डोक्याला रुमाल बांधतात. डिसेंबर २०१५ मध्ये संसदेच्या इमारतीत तटस्थतेवरच्या एका कार्यक्रमात त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि श्रोत्यांतल्या काहींनी त्या रुमालावरून त्यांची हुर्यो उडवली. ज्या बाईने या देशाला मुलगा दिला, तिला अजून कशाने आपलं नागरिकत्व सिद्ध करायचं राहिलं होतं?

आणखी एक. माणूस कुठला आहे हे कळायचं असेल तर तो आपली माणसं कुठे पुरतो ते बघावं, असं मला इथे राहून वाटायला लागलं आहे. फ्रान्समधली दफनभूमी नगरपालिकेची असते आणि १८८१ च्या कायद्यापासून ती धर्माने विभागलेली नसते. महापौरांच्या मर्जीवर मुसलमानांसाठी एखादा कोपरा मिळतो, तोही सगळीकडे नाही. त्यामुळे कितीतरी कुटुंबं अजूनही पेटी विमानाने अल्जेरिया-मोरोक्कोला पाठवतात. २०२० च्या वसंतात, साथीत, ती विमानं बंद झाली आणि जागा शोधता शोधता लोकांचे हाल झाले. स्त्रासबुर्गने मात्र २०१२ मध्ये फक्त मुसलमानांसाठी नगरपालिकेची दफनभूमी सुरू केली, फ्रान्समधली पहिली. ती शक्य झाली, कारण इथे तो फारकतीचा कायदाच लागू नाही! जिथे तटस्थता सैल, तिथे मुसलमान माणसाला मातीत जागा मिळाली, यावर विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

इतर देशांत राहणाऱ्यांनी आपापल्याकडचं लिहा. भारतातल्या निवडणुका कृपया इथे नकोत.

सायली_प

वाचतेय. अल्सासचं हे काहीच माहीत नव्हतं.

फ्रांकफुर्टचा_अमोघ

ऋजुता, लेख कळकळीने लिहिला आहेस, पण माझी असहमती नोंदवतो.

१६ ऑक्टोबर २०२० ला पॅरिसजवळ साम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाचा गळा चिरला गेला. त्यांनी वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवली होती. त्याआधी कित्येक दिवस त्यांच्याविरुद्ध खोटी गोष्ट पसरवली जात होती. ज्या देशात शिक्षकावर ही वेळ येते, त्या देशाने शाळा हे ठिकाण धर्माच्या दडपणापासून राखून ठेवलं तर मला ते चुकीचं वाटत नाही. २००४ च्या कायद्याआधीच्या चौकशीत कित्येक मुलींनी सांगितलं होतं की रुमाल न बांधणाऱ्या पोरींना वस्तीतली पोरं त्रास देतात. त्या मुलींची बाजू तुझ्या लेखात आली नाही. कायद्याने त्यांना सहा-सात तास मोकळा श्वास दिला.

जर्मनीची तऱ्हा वेगळी आहे. इथे सरकार आणि धर्म एकमेकांना धरून चालतात. चर्चचा कर सरकार गोळा करून देतं, सरकारी शाळेत धर्माचा तास घटनेतच लिहिलेला आहे. पण त्या दारातून पूर्णपणे आत यायचं तर सार्वजनिक कायद्याखालची संस्था म्हणून दर्जा लागतो, आणि मशिदी बहुतेक साध्या नोंदणीकृत मंडळांच्या. सरकार विचारतं, तुमच्या वतीने बोलायचं कोणाशी? इथे घोडं अडतं. सगळ्यात मोठं मंडळ दितीब, त्याचे इमाम वर्षानुवर्षं तुर्कस्तानच्या सरकारी धर्मखात्याचे पगारी नोकर.

तो दर्जा पहिल्यांदा कोणाला मिळाला माहीत आहे? अहमदिया जमातीला, २०१३ मध्ये, आमच्या हेसन राज्यात. १९७४ च्या घटनादुरुस्तीने पाकिस्तानने ज्यांना मुसलमान मानायचं नाकारलं, ते जर्मनीत चर्चच्या बरोबरीला बसलेली पहिली मुस्लिम संस्था ठरले. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांच्यातलं एक कुटुंब राहतं. आजोबा ज्या दिवशी हे सांगत होते त्या दिवशी त्यांनी कपाटातून जुना पाकिस्तानी पासपोर्टाचा अर्ज काढून दाखवला, ज्यात मुसलमान म्हणून सही करायची तर आपल्याच पंथाच्या संस्थापकाला खोटं म्हणावं लागतं. त्यांनी ती सही केली नव्हती. या माणसाला जर्मन राज्याने काय दिलं हे तो जाणतो, म्हणून त्याला इथल्या कायद्यांचा जाच वाटत नाही.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्रिस्तियान वुल्फ ३ ऑक्टोबर २०१० ला म्हणाले होते की इस्लाम आता जर्मनीचा भाग आहे. त्यावर केवढा गदारोळ झाला! २०२४ मध्ये आमच्या शहरात रमजानसाठी रस्त्यावर दिव्यांची माळ लागली तेव्हाही तेच. मला दोन्ही आवडलं. पण आपलेपणा ही दोन्ही बाजूंनी करायची गोष्ट आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न येतात, १७ बरोबर आले की पास. माझ्या मते खरी परीक्षा ही की आपल्या धर्माची कोणी थट्टा केली तर आपण ती सहन करतो की नाही.

खाडीकाठ_बर्मिंगहॅम

ऋजुताताई, अमोघभाऊ, सलाम आणि नमस्कार.

मी मूळचा दापोली तालुक्यातला, कोकणी मुसलमान. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. घरात कोकणी, नमाज अरबीत, भांडण मराठीत. बर्मिंगहॅमला मुलं इथेच जन्मली, इथेच वाढली. आमच्या कोकणातली माणसं इंग्लंडात बरीच आहेत, ईदला सांदणं होतात, लग्नात गावची जमात इथेही जमते.

अमोघभाऊ, थट्टेबद्दल म्हणालात. मला माझ्या पैगंबरांची थट्टा आवडत नाही, दुखतं, हे मी लपवणार नाही. पण ज्याने पातीसरांना मारलं त्याचा माझ्या दीनशी, धर्माशी, काही संबंध नाही, हे दर वेळी मलाच का येऊन सांगावं लागतं? जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या शार्ली एब्दो या व्यंगसाप्ताहिकावर हल्ला झाला तेव्हा रस्त्यावर मारला गेलेला पोलीस अहमद मेराबे मुसलमान होता. दोन दिवसांनी ज्यू किराणा दुकानात गिऱ्हाइकांना तळघरात लपवून वाचवणारा लासाना बातिली मुसलमान होता, मालीहून आलेला. त्याच महिन्यात फ्रान्सने त्याला नागरिकत्व दिलं. छान केलं. पण नागरिक व्हायला प्रत्येकाला असा पराक्रम करावा लागू नये. साध्या माणसालाही साधेपणाने नागरिक असता आलं पाहिजे.

इंग्लंड धर्मनिरपेक्ष नाहीच मुळी. राजा चर्चचा प्रमुख, वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात. तरीही इथे मला जास्त मोकळं वाटतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुसलमान साडेसहा टक्के निघाले, आमच्या बर्मिंगहॅममध्ये जवळपास ३०. फ्रान्समध्ये तर जनगणनेत धर्म विचारतच नाहीत. आमच्या लेडीवूडच्या खासदार शबाना महमूद यांनी २०२४ मध्ये कायदामंत्री म्हणून कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, पारंपरिक झगा घालून, अगदी इंग्रजी थाटात. माझ्या मुलीने ते फोनवर पुन्हा पुन्हा लावलं. ती एवढंच म्हणाली, "अब्बा, हिचं शिक्षण पण आपल्यासारख्याच शाळेत झालंय."

सगळं गोड आहे असं नाही. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खोटी अफवा पसरली की मारणारा मुसलमान आहे, आणि दुसऱ्या दिवशी लोक मशिदीवर चालून गेले. आम्ही इथे दुकानाची शटरं ओढून बसलो होतो. पण त्याच्याही दुसऱ्या सकाळी साउथपोर्टचे शेजारी, त्यात गवंडीकाम करणारे गोरे लोक, विटा आणि सिमेंट घेऊन आले आणि त्यांनी मशिदीची पडलेली भिंत उभी केली. मी त्या गावाला अजून गेलेलो नाही, पण जाणार आहे.

मय्यतीबद्दल ताई बरोबर बोलल्या. आमच्यात मय्यत लवकरात लवकर करायची असते. पण मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कागद अडकवला की दोन-चार दिवस जातात, घरच्यांचा जीव टांगणीला. उत्तर लंडनमध्ये अशा एका अधिकाऱ्याने नियम केला होता की धर्मामुळे कोणाचीच फाइल आधी घेणार नाही. त्याविरुद्ध कोर्टात गेली एक ज्यू दफन संस्था. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. सगळ्यांना एकच काठी लावली की समानता झाली असं नाही, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. केस ज्यूंनी लढली, फायदा आम्हालाही झाला. या गोष्टी वर्तमानपत्रात फार येत नाहीत.

गजानन_नाशिक

फ्रान्समध्ये शीख मुलांच्या पगडीचं काय झालं? तिथेही बंदी लागली का?

ऋजुता_स्त्रासबुर्ग

गजाननराव, लागली. २००४ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथे शीख मुलांना पगडीवरून शाळेतून काढलं. कायदा करताना शिखांचा कोणी विचारच केला नव्हता, आणि नंतर अपवाद करायला सरकार तयार झालं नाही. उलट ब्रिटनच्या लॉर्ड्स सभेने १९८३ मध्येच शाळेतल्या पगडीच्या बाजूने निकाल दिला होता.

अमोघ, दडपणाखालच्या मुलींबद्दल तुझा मुद्दा खरा आहे आणि मला तो मान्य आहे. पण दडपण आणणाऱ्या पोरांना शिक्षा करण्याऐवजी मुलींचा पोशाख ठरवायचा, हा मार्ग मला पटत नाही.

माजी_शिक्षक_सातारा

धागा उत्तम. माझं वय पंच्याहत्तरीच्या पुढे, युरोपात मुलाकडे अधूनमधून जाणं होतं. थोडं वेगळं लिहितो.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व रद्द करा, ही मागणी होती. मी तेव्हा शाळकरी होतो, पण पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं तेव्हा त्यांची भाषणं ऐकली. त्यांचा आग्रह असा की मुसलमानाला आधी नागरिक म्हणून बघा, जमातीचा सभासद म्हणून नंतर. सरकारने मुसलमानांशी बोलायचं म्हणजे मौलवींशी बोलायचं, ही सवय त्यांना अजिबात मान्य नव्हती.

युरोपातली सरकारं नेमकी हीच सवय लावून घेत आहेत असं मला दिसतं. फ्रान्सने २००३ मध्ये निकोला सार्कोझी गृहमंत्री असताना मुस्लिम पंथाची राष्ट्रीय परिषद उभी केली. प्रतिनिधी निवडायचे मशिदीच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने! मग त्यात अल्जेरिया, मोरोक्को, तुर्कस्तान यांच्या वजनाची ओढाताण सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सरकारनेच तिच्याकडे पाठ फिरवून दुसरा मंच काढला. जर्मनीने २००६ पासून इस्लाम परिषद भरवली, तिच्यात निदान मंडळांबाहेरच्या व्यक्तींनाही बोलावलं. ते मला बरं वाटलं.

जो मुसलमान मशिदीत जात नाही, जी बाई रुमाल बांधत नाही, जो तरुण देव मानत नाही, त्यांच्या वतीने कोण बोलणार? त्यांचं नाव अहमद आहे एवढ्यावरून त्यांना इमामाच्या पारड्यात टाकणं हाही अन्यायच आहे. अहमद अबुतालेब हे इमामाचे चिरंजीव, मोरोक्कोतून पंधराव्या वर्षी हॉलंडला आले आणि २००९ पासून पंधराएक वर्षं रॉटरडॅमचे महापौर राहिले. शहराने त्यांना मुसलमानांचा प्रतिनिधी म्हणून नेमलं नव्हतं, महापौर म्हणून नेमलं होतं. मला हेच हवं आहे.

खाडीकाठ यांच्याशी मी एका गोष्टीत सहमत नाही. वेगळ्या नियमांची सवलत मय्यतीत ठीक. पण इंग्लंडातल्या शरियत मंडळांपुढे ज्या बायका तलाकसाठी खेटे घालतात, त्यांच्या नशिबी ती सवलत वेगळीच येते. निकाह फक्त मशिदीत झाला, सरकारी नोंद झाली नाही, तर कायद्याच्या लेखी तिचं लग्नच नाही.

खाडीकाठ_बर्मिंगहॅम

गुरुजी, हे तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. माझ्या बहिणीच्या बाबतीत ही वेळ आली होती. निकाह झाला, नोंदणी "नंतर करू" म्हणाले, ती कधी झालीच नाही. घर नवऱ्याच्या नावावर. वकिलीणबाईने फाइल मिटून सांगितलं की कायद्याच्या नजरेत तुम्ही दोघं फक्त एकत्र राहत होता. तेव्हापासून आमच्या जमातीत मी एकच हट्ट धरतो: आधी रजिस्ट्रार, मग काजी. दोन-तीन मोठ्यांनी तोंड वाकडं केलं, पण तरुण पोरी माझ्या बाजूने आहेत.

मृण्मयी_ल्यों

मी एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अबायाबंदी लागू झाली, ते मी शाळेच्या फाटकावर उभी राहून पाहिलं आहे.

कायद्यात अबायाची व्याख्या नाही. फाटकावरच्या पर्यवेक्षिकेने ठरवायचं. एक मुलगी आली, पायघोळ राखाडी ड्रेस, वर जीनचं जाकीट. डोकं उघडं. तिला बाजूला घेतलं. तिच्या मागून तशाच लांब, फुलाफुलांच्या ड्रेसमधली दुसरी मुलगी सरळ आत गेली. पहिलीचं आडनाव उत्तर आफ्रिकेतलं, दुसरीचं नव्हतं. पहिली रडली नाही, भांडली नाही. तिने जाकिटाची बटणं लावली, खाली वाकून ड्रेस गुडघ्यापर्यंत गोळा करून गाठ मारली, आतली जीन दाखवली आणि विचारलं, "आता मी फ्रेंच दिसते का?" पर्यवेक्षिका चांगली बाई होती, तिलाच कानकोंडं झालं. पहिल्या दिवशी देशभरात २९८ मुली अबायात आल्या आणि ६७ जणींना परत पाठवलं, असं मंत्र्यांनी सांगितलं. आमच्या फाटकावरची ही मुलगी त्या आकड्यांत कुठे बसते, मला माहीत नाही.

अमोघ, तुझं म्हणणं मी शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकलं, आणि ते बोलणारे द्वेषाने बोलत नव्हते. पातींच्या खुनानंतर त्यांना खरोखर भीती वाटते. पण त्या भीतीची किंमत चौदा वर्षांच्या पोरीने फाटकावर मोजायची का?

अजून एक, सहलीला सोबत येणाऱ्या आया. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं की त्या सरकारी नोकर नाहीत, त्यांच्यावर तटस्थतेचं बंधन नाही. तरी दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी त्यांच्या रुमालावर बंदी मागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिझोंला प्रादेशिक सभागृह बघायला मुलांची सहल गेली होती. अतिउजव्या पक्षाच्या एका सदस्याने भर सभेत एका आईला रुमाल काढायला सांगितला. तिचा मुलगा तिला बिलगून रडला. मुलं तिथे लोकशाही कशी चालते ते बघायला गेली होती.

झुरिखची_केतकी

स्वित्झर्लंडचं थोडक्यात. २९ नोव्हेंबर २००९ ला मिनारबंदीवर मतदान झालं, ५७.५ टक्के लोकांनी होकार दिला आणि ती घटनेत गेली. देशात तेव्हा मिनार होते चार. चेहरा झाकण्यावरची बंदी २०२१ मध्ये ५१.२ टक्क्यांनी पास झाली, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. देशपातळीच्या मतदानात नागरिकत्व नसलेल्या परदेशी माणसाला मत नसतं, त्यामुळे ज्यांच्याबद्दल मतदान झालं त्यांतल्या बहुतेकांना त्यात भाग घेता आला नाही. मला हे सगळ्यात जास्त खुपतं.

आणि हस्तांदोलन! २०१८ मध्ये लोझानने एका जोडप्याला नागरिकत्व नाकारलं, परक्या स्त्री-पुरुषाशी हात मिळवत नाहीत म्हणून. यावर इथल्या लोकांचं मत काय?

फ्रांकफुर्टचा_अमोघ

मी त्या निर्णयाच्या बाजूने. २०२० मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या न्यायालयानेही असाच निकाल दिला. अर्जदार डॉक्टर होता, जर्मनीतच शिकलेला, परीक्षेत पूर्ण गुण. पण नागरिकत्वाचं पत्र देणाऱ्या अधिकारी बाईंशी तो हात मिळवेना. समोरच्या अधिकाऱ्याला ती बाई आहे म्हणून वेगळं वागवणं मला चालणार नाही.

खाडीकाठ_बर्मिंगहॅम

मी मिळवतो हात. माझे वडील मिळवायचे नाहीत, छातीवर हात ठेवून मान झुकवायचे, आणि गावातल्या ब्राह्मण डॉक्टरीणबाईंना त्यात कधी अपमान वाटला नाही. तो डॉक्टर बायका रुग्णांवर नीट उपचार करतो का, हे सरकारने बघावं. करत नसेल तर नागरिकत्वच काय, परवानाही काढून घ्या.

ऋजुता_स्त्रासबुर्ग

केतकी, मी या प्रश्नावर खाडीकाठ यांच्या बाजूला झुकते. अमोघची हरकत अधिकारी बाईंच्या मानासाठी आहे हे मला कळतं, पण कामात भेदभाव केला तर शिक्षा करणारे कायदे आहेतच, आणि ते सगळ्यांना सारखे लागू होतात. हाताच्या तळव्यावरून माणसाच्या मनातली समानता मोजता येत नाही.

माजी शिक्षकांनी प्रतिनिधींचा जो मुद्दा मांडला त्याने माझ्या लेखातली मोठी उणी बाजू भरून निघाली. परदेशी सरकारांच्या पगारी इमामांची पद्धत फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून बंद केली, आणि जर्मनीनेही डिसेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानशी करार करून वर्षाला शंभर इमाम जर्मनीतच घडवायचं ठरवलं. हे मला मनापासून हवं होतं. पण इथेच घडणाऱ्या इमामाला शिकवायचं कोणी आणि पगार द्यायचा कोणी? उरलेल्या फ्रान्समध्ये १९०५ चा कायदा सरकारला पैसे देऊ देत नाही. आमच्या अल्सासमध्ये देता येतात, पण दिले की काय होतं तेही बघितलं आहे: मार्च २०२१ मध्ये आमच्या नगरपालिकेने मेनो वस्तीतल्या तुर्की मंडळाच्या मशिदीला सुमारे २५ लाख युरो, म्हणजे खर्चाच्या दहा टक्के, द्यायचं तत्त्वतः मंजूर केलं. पॅरिसहून गृहमंत्री तुटून पडले, कारण त्या मंडळाने प्रजासत्ताकाच्या मूल्यांच्या सनदेवर सही केली नव्हती. महिन्याभरात मंडळानेच अर्ज मागे घेतला. माझ्या मते सही मागणं चूक नव्हतं. पण मग तीच सही मागून, तेच नियम लावून, बिशप आणि रब्बींच्या यादीत पाचवं नाव घालायलाही सरकारची तयारी हवी. नाहीतर चारही नावं काढा. मला दोन्ही चालेल.

मृण्मयी, त्या मुलीचं पुढे काय झालं?

मृण्मयी_ल्यों

शाळा सोडली नाही. वर्षाअखेरीच्या परीक्षेत नागरिकशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला, तटस्थता कोणाला लागू होते? तिने बरोबर उत्तर लिहिलं, सरकारला आणि सरकारी नोकरांना. तिला पूर्ण गुण मिळाले.